वयात न येणारी पेशी : एचएल-६० ची गोष्ट

ब्लड कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर वेड्यासारख्या वाढत सुटलेल्या पेशी येतात. चित्र अर्धं बरोबर आहे. तीव्र प्रकारच्या ल्युकेमियात पेशी वाढतात हे खरंच, पण त्यांचं मूळ दुखणं असं की त्या मोठ्या होत नाहीत. संख्येनं वाढतात, वयानं वाढत नाहीत. रक्तात पेशींची गर्दी होते आणि तरी साधा संसर्ग परतवायला त्यातली एक कामाची नसते.

अडकून पडलेल्या अशा पेशीला पुढे ढकलता येईल का? औषधानं तिला मारण्याऐवजी मोठं करता येईल का? हा प्रश्न प्रयोगशाळेत नीट विचारता यावा म्हणून जी पेशी हाती लागली तिचं नाव एचएल-६०. एचएल म्हणजे ह्यूमन ल्युकेमिया. जगभरच्या फ्रीझरमध्ये ती आज आहे, लस तपासण्यापासून कॅन्सरच्या औषधापर्यंत सगळीकडे तिचा वावर आहे, आणि तिच्या आयुष्याची पहिली दहा-अकरा वर्षं तिच्यावर चुकीचं लेबल चिकटलेलं होतं. ती भानगड पुढे येईलच.

आधी थोडं रक्ताबद्दल. हाडांच्या पोकळीत जी अस्थिमज्जा असते तिथे रक्तपेशी तयार होतात. त्यातल्या पांढऱ्या पेशींमध्ये बहुमत असतं न्यूट्रोफिलचं. जंतू शिरला की सर्वांत आधी धावून जायचं, त्याला गिळायचं आणि त्या कामात स्वतः मरायचं, असा यांचा जन्म. जखमेत साचणारा पू म्हणजे बराचसा यांच्याच मढ्यांचा ढीग. निरोगी प्रौढ शरीर दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवतं, आणि तेवढ्या बनवाव्याच लागतात, कारण रक्तात उतरलेल्या न्यूट्रोफिलचं आयुष्य फार तर दिवसांत, एरवी तासांतच मोजायचं.

ही पेशी टप्प्याटप्प्यानं घडते. सुरुवातीला मायलोब्लास्ट: मोठं गोल केंद्रक, भोवती जेमतेम पेशीद्रव. मग प्रोमायलोसाइट. या पायरीवर पेशीत जांभळट दाणे भरू लागतात, पुढे जंतू मारायला लागणारा दारूगोळा तो. त्यानंतर केंद्रक आक्रसतं, वाकतं, घोड्याच्या नालेसारखं दिसू लागतं आणि शेवटी त्याच्या तीन-चार पाकळ्या पडतात. पाकळ्या पडल्या की पेशी वयात आली. मधल्या एका पायरीपासून तिचं विभागणंही कायमचं थांबलेलं असतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे: मोठी झालेली न्यूट्रोफिल पुन्हा दोन होत नाही. थोडे दिवस जगते आणि मरते.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात पेशी या जिन्यावर मधेच कुठेतरी थांबतात. थांबलेल्या पायरीवर विभागायची मुभा अजून शाबूत असते, म्हणून गर्दी वाढत जाते.

फ्लास्कमधली गर्दी

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत एका रुग्ण स्त्रीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. निदान होतं अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे प्रोमायलोसाइटच्या पायरीवर अडकलेल्या पेशींचा कॅन्सर. हे गॅलो म्हणजे पुढे एचआयव्हीच्या संशोधनामुळे जगाला माहीत झालेले गॅलो. स्टीव्हन कॉलिन्स, रॉबर्ट गॅलाघर आणि सहकाऱ्यांनी त्या पेशी पोषक द्रवात ठेवल्या आणि त्या वाढतच राहिल्या. १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा अहवाल छापून आला.

यात एवढं काय विशेष, असं वाटेल. विशेष हे की माणसाच्या पेशी शरीराबाहेर काढल्या तर सहसा टिकत नाहीत. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की निरोगी पेशी भांड्यात साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. कॅन्सरच्या पेशी तरी टिकतील अशी अपेक्षा असते, पण रुग्णाच्या शरीरात बेलगाम वाढणारी ल्युकेमियाची पेशी भांड्यात आली की बहुधा चार दिवसांत मान टाकते. मज्जेतले शेजारी, तिथले वाढीचे संदेश, हे सगळं तिथे नसतं. शंभर नमुन्यांतला एखादाच तग धरतो. जो धरतो, त्याच्या वंशाला सेल लाइन म्हणतात: एकाच रुग्णातून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या विभागत राहणाऱ्या पेशी. त्यांना अमर म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द जरा जास्त वाटतो. रोज खाऊपिऊ घातलं आणि कुणी हलगर्जीपणा केला नाही तर त्या मरत नाहीत, इतकंच.

एचएल-६० सांभाळायला सोपी आहे. ती भांड्याच्या तळाला चिकटत नाही, द्रवात तरंगते, कारण मुळात ती रक्तातली पेशी. गुलाबीसर पोषक द्रव, त्यात वासराच्या गर्भाचा सीरम दहा ते वीस टक्के, ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दीड-दोन दिवसांत संख्या दुप्पट. द्रव पिवळा पडला की समजायचं, गर्दी झाली आणि आम्लता वाढली. थोड्या पेशी नव्या द्रवात हलवायच्या. एका मिलिलिटरला एक लाखाच्या खाली गेल्या तर रोडावतात, दहा लाखांच्या वर गेल्या तर बिघडतात. उरलेल्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या, दहा वर्षांनी काढल्या तरी पुन्हा वाढतात.

आणि आता तिची खरी खासियत. फ्लास्कमधल्या बहुतेक पेशी प्रोमायलोसाइटसारख्या दिसत होत्या, पण त्यांच्यातल्या थोड्या कुणी काही न सांगता पुढे सरकलेल्या आढळत. केंद्रक वाकलेलं, एखादीचं पाकळ्यांचंही. म्हणजे जिन्याचं वरचं दार कुलूपबंद नव्हतं. नुसतं लोटलेलं होतं.

दार ढकलणारे

दार ढकलायला पहिलं जे वापरलं गेलं ते औषध म्हणायच्याही लायकीचं नव्हतं. डीएमएसओ हा एक द्रावक आहे, रसायनं विरघळवायला आणि पेशी गोठवताना त्यांच्यात बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून वापरतात. १९७१ मध्ये शार्लट फ्रेंड यांनी उंदराच्या ल्युकेमिया पेशींवर डीएमएसओ टाकला आणि त्या पेशी चक्क हिमोग्लोबिन बनवू लागल्या, तांबड्या पेशीच्या वाटेला लागल्या. कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तेच एचएल-६० वर करून पाहिलं. द्रवात साधारण १.३ टक्के डीएमएसओ, पाच-सहा दिवस वाट. बहुतेक पेशींची केंद्रकं वाकली, त्या जंतू गिळू लागल्या आणि विभागणं थांबलं.

पेशी मोठी झाली हे ओळखायचं कसं? नुसतं सूक्ष्मदर्शकातून बघून भागत नाही, दिसायला मोठी आणि कामाला शून्य अशीही निघू शकते. म्हणून काम करायला लावायचं. वयात आलेली न्यूट्रोफिल चिथावली की ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड नावाचा दाहक पदार्थ तयार करते, जंतू त्यानंच भाजून निघतात. एनबीटी नावाचं फिकट पिवळं रंगद्रव्य द्रवात टाकलं तर सुपरऑक्साइडशी गाठ पडून ते निळं-काळं होतं आणि पेशीतच साचतं. काचपट्टीवर दोनशे पेशी मोजायच्या आणि त्यातल्या निळ्या किती ते लिहायचं. उपकरण काही लागत नाही. कंटाळवाणं काम, पण चोख.

त्यानंतर रीघच लागली. १९७९ मध्ये दिसलं की फॉर्बॉल एस्टर नावाची रसायनं दिली तर एचएल-६० न्यूट्रोफिल न होता मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी वेगळ्या जातीची मोठी पेशी होते, तळाला चिकटून हातपाय पसरते. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप दिलं, तर पेशी मोनोसाइट या आणखी एका पांढऱ्या पेशीच्या वाटेनं गेली. एकाच पेशीपुढे तीन वाटा, आणि कुठल्या वाटेला लावायची ते आपल्या हातात. पेशी आपलं भवितव्य कसं ठरवते हे अभ्यासणाऱ्यांसाठी ही पर्वणी होती.

यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग १९८० चा. थिओडोर ब्राइटमन, स्टुअर्ट सेलोनिक आणि कॉलिन्स यांनी रेटिनॉइक आम्ल वापरलं. अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारा हा पदार्थ. प्रमाण एक मायक्रोमोलर, म्हणजे लिटरभर द्रवात जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. सहा दिवसांत सुमारे ९० टक्के पेशी मोठ्या झाल्या. डीएमएसओ लिटरमागे १३ मिलिलिटर ओतावा लागतो. त्याच्याशी तुलना केली म्हणजे फरक कळेल. डीएमएसओ पेशीला धक्का देऊन जागं करत होता. रेटिनॉइक आम्लाकडे किल्ली असावी असं दिसत होतं.

ती किल्ली बसते कुठे हे कळायला आणखी काही वर्षं गेली. पेशीच्या केंद्रकात रेटिनॉइक आम्लाचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं असतात. आम्ल येऊन चिकटलं की ग्राहक डीएनएवरची ठरावीक जनुकं चालू करतो. त्यातला आरएआर-अल्फा नावाचा ग्राहक इथे कळीचा. रेटिनॉइक आम्लाला दाद न देणाऱ्या एचएल-६० च्या एका उपशाखेत नेमका हाच ग्राहक बिघडलेला निघाला, आणि त्याची चांगली प्रत आत घातल्यावर पेशी पुन्हा मोठ्या होऊ लागल्या. १९९० च्या या कामात कॉलिन्स होतेच.

शांघाय

प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा ल्युकेमियांतला सर्वांत भीतिदायक समजला जाई. १९५७ मध्ये नॉर्वेच्या लेफ हिलस्टाड यांनी त्याला वेगळा आजार म्हणून ओळख दिली ती तीन रुग्णांवरून, आणि वर्णनात ठळक होतं ते त्याचं झपाट्यानं जिवावर बेतणं. या पेशींमधले दाणे रक्ताच्या गोठण्याची सगळी व्यवस्था विसकटून टाकतात. रुग्ण कॅन्सरनं जाण्याआधी मेंदूतल्या रक्तस्रावानंच जाई. केमोथेरपीनं पेशी फुटल्या की दाणे बाहेर पडत आणि रक्तस्राव आणखी वाढे. उपचारच अंगावर यायचा.

शांघायच्या रुइजिन रुग्णालयातले वांग झेनयी पेशी मारण्याऐवजी त्यांना वळण लावण्याच्या विचारात होते. एचएल-६० वरचे निष्कर्ष त्यांना माहीत होते. पाश्चात्त्य देशांत काही रुग्णांवर रेटिनॉइक आम्लाचं १३-सिस नावाचं रूप वापरून झालं होतं, गुण संमिश्र. वांग यांच्या गटानं ऑल-ट्रान्स हे रूप घेतलं. चीनमध्ये ते तयार होत होतं आणि त्वचेच्या विकारांवर वापरात होतं, हे त्याचं एक साधं कारण. दोन्ही रूपांत अणू तेवढेच, एका ठिकाणचा बाक फक्त वेगळा. पण या आजारात तो बाकच निर्णायक ठरला.

१९८५ मध्ये पहिल्यांदा हे औषध दिलं गेलं ते पाच वर्षांच्या एका मुलीला. केमोथेरपी हरली होती. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांनी ती बरी होत गेली. १९८८ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात या गटानं २४ रुग्णांचा अहवाल दिला: सगळ्यांच्या शरीरातून आजाराची लक्षणं गेली, एकाला तेवढी थोडी केमोथेरपी जोडावी लागली. मज्जा कुठेही रिकामी पडली नव्हती. पेशी मारल्याच नव्हत्या, त्या मोठ्या होऊन आपल्या वेळेनं मेल्या. पॅरिसमध्ये लोरां देगो आणि क्रिस्तीन शोमिएन यांनी हे पडताळून पाहिलं आणि मग जगानं मान्य केलं.

पुढे याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली. हो, तोच आर्सेनिक. हार्बिनमधल्या डॉक्टरांनी त्याचा वापर आधीपासून चालवला होता. २०१३ मध्ये इटलीचे फ्रान्चेस्को लो-कोको आणि सहकाऱ्यांनी फार धोका नसलेल्या गटातल्या रुग्णांवर चाचणीचे निकाल दिले. रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक, केमोथेरपी नाही: दोन वर्षांनी आजार न उलटता सुखरूप असलेले ९७ टक्के. रेटिनॉइक आम्ल आणि केमोथेरपीच्या गटात हा आकडा ८६. एके काळी दिवसांत माणूस नेणारा हा आजार आता सर्वांत बऱ्या होणाऱ्या ल्युकेमियांत मोडतो. पहिले काही दिवस तेवढे अजूनही जोखमीचे. रक्तस्राव आहेच, शिवाय एकदम मोठ्या झालेल्या पेशींची झुंड फुफ्फुसांत शिरून ताप येतो, धाप लागते; त्यावर स्टेरॉइड तातडीनं द्यावं लागतं.

आणि ते लेबल

एवढं सगळं झाल्यावर तीच भानगड. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची एक अचूक खूण आहे. १७ व्या आणि १५ व्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. शिकागोच्या जॅनेट रॉली आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ही अदलाबदल दाखवली. १९९० च्या सुमारास कळलं की हा सांधा नेमका आरएआर-अल्फाच्या जनुकातून जातो. त्या ग्राहकाला पीएमएल नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं अर्ध अंग जोडलं जातं आणि हा जोडग्राहक मोठं व्हायची जनुकं घट्ट दाबून धरतो. शरीरातल्या एरवीच्या रेटिनॉइक आम्लाला तो जुमानत नाही. औषधाच्या मोठ्या मात्रेला मात्र पकड सोडतो, आणि मग स्वतःच नष्ट केला जातो.

एचएल-६० मध्ये ही अदलाबदल नाही. पीएमएलचा जोडग्राहकही नाही. १९८८ मध्ये, म्हणजे शांघायचा अहवाल आला त्याच वर्षी, मूळ रुग्णाच्या जुन्या नोंदी आणि पेशी पुन्हा तपासून संशोधकांनी सांगितलं की तो आजार प्रोमायलोसायटिक नव्हताच. शेजारच्या पायरीवरचा, एम-२ या गटातला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होता.

म्हणजे ज्या पेशीनं प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या औषधाकडे बोट दाखवलं, ती त्या आजाराची नव्हतीच! मग ती रेटिनॉइक आम्लाला दाद का देत होती? कारण साधा, न बिघडलेला आरएआर-अल्फा तिच्यात आहे आणि तो न्यूट्रोफिलच्या वाटेवरच्या कुठल्याही पेशीत असतो. भांड्यात एक मायक्रोमोलरच्या मात्रेला तो चालू होतो. रुग्णांच्या पेशी वेगळ्याच कारणानं चालू झाल्या. किल्ली एकच, कुलपं दोन.

ही गोष्ट सांगताना बरेच जण ‘योगायोगानं शोध लागला’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कॉलिन्स आणि ब्राइटमन यांनी फक्त इतकं म्हटलं होतं की मानवी ल्युकेमियाची पेशी या पदार्थानं मोठी होऊ शकते. ते तेव्हाही खरं होतं, लेबल बदलल्यावरही खरं राहिलं. चूक व्हायची जागा दुसरीच आहे आणि ती झालीही. एचएल-६० ला जे जे मोठं करतं ते ते रुग्णाला बरं करेल, अशी आशा पुढे अनेकांनी धरली. ड जीवनसत्त्वाचंच घ्या: पेशींना वळवायला लागते तेवढी मात्रा माणसाला दिली तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या वर जातं. इतर तीव्र मायलॉइड ल्युकेमियांवर रेटिनॉइक आम्लानंही तो चमत्कार केला नाही. पेशी मोठ्या करण्याच्या उपचाराला पुढचं ठोस यश मिळायला २०१७ उजाडलं. त्या वर्षी आयडीएच-२ या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांसाठी एनासिडेनिब अमेरिकेत मंजूर झालं, आणि ते वेगळ्याच कुलपावर चालतं.

प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची खरीखुरी सेल लाइन, एनबी-४, मिशेल लानोत यांच्या गटानं पॅरिसमध्ये तयार केली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या आजाराचं काही तपासायचं असेल तर आज तीच वापरायची.

‘कॅन्सरच्या पेशी मेल्या’

एचएल-६० च्या जनुकांत इतर काय काय बिघडलंय हे माहीत असणं फार गरजेचं, कारण तिच्या जोरावर बातम्या बनतात. मायक नावाचं पेशीला विभागायला हाकणारं जनुक तिच्यात दोन प्रतींऐवजी कितीतरी प्रतींत आहे. १९८२ मध्ये ते दिसलं, आणि भांड्यातच नव्हे तर रुग्णाच्या मूळ पेशींतही तसंच होतं. पेशी मोठी होऊ लागली की मायकचा आवाज बसतो. डीएनए बिघडलं तर पेशीला थांबवणारं पी-५३ हे जनुक तिच्यात जवळजवळ पुसलेलं आहे. एन-रास नावाचं आणखी एक जनुक कायम चालू अवस्थेत अडकलेलं आहे.

तिच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे विकर भरपूर आहे, जंतू मारायच्या दाण्यांतलं. काही रसायनं त्या विकरामुळे पेशीच्या आतच विषारी होतात. म्हणून एचएल-६० कित्येक पदार्थांनी चटकन मरते. दुसरीकडे वनस्पतींतली अनेक पॉलिफिनॉल्स पोषक द्रवात नुसती पडून राहिली तरी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी मरतात पेरॉक्साइडनं आणि श्रेय जातं अर्काला.

तेव्हा ‘अमुक झाडाच्या अर्कानं रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी नष्ट’ असं वाचलं की मी तीन गोष्टी शोधतो. मात्रा किती होती, आणि तेवढी माणसाच्या रक्तात कधी पोचू शकते का? त्याच मात्रेत निरोगी पेशींचं काय झालं? आणि एचएल-६० सोडून दुसऱ्या किती सेल लाइनवर तेच दिसलं? तिन्हींची उत्तरं असतील तर वाचण्यासारखं काहीतरी आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं १९९० पासून ६० सेल लाइनचा जो संच नव्या रसायनांसाठी वापरात आणला त्यात ल्युकेमिया-लिम्फोमा गटाच्या सहा आहेत. एचएल-६० त्यातली एक, के-५६२ आणि मोल्ट-४ तिच्या शेजारणी. एकटीच्या साक्षीवर कुणाला सोडायचं नाही किंवा लटकवायचं नाही, हा त्यातला हिशेब.

शिवाय एचएल-६० म्हणजे सगळीकडे तीच पेशी असंही नाही. वर्षानुवर्षं विभागताना जनुकांत बदल साचतात. दोन प्रयोगशाळांतल्या एचएल-६० सख्ख्या बहिणी न राहता लांबच्या नातलग होतात. फार काळ वाढवलेल्या तुकड्या मोठ्या व्हायलाही कुरकुरतात. मायकोप्लाझ्मा नावाचे बारीक जिवाणू गुपचूप द्रवात शिरतात, द्रव गढूळही होत नाही आणि निकाल मात्र फिरतात. चुकून दुसरी पेशी मिसळणं हे तर जुनं दुखणं. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या कित्येक सेल लाइन प्रत्यक्षात हेला होत्या, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स यांच्या १९५१ मधल्या गाठीतून आलेल्या पेशी. आता डीएनएच्या ठशांवरून ओळख पटवता येते. ती न पटवता छापलेले निबंध अजून दिसतात, हे खेदानं म्हणावं लागतं.

मोठी झाल्यावर काय करते

तिचा आजचा सर्वांत उपयोगी धंदा कॅन्सरशी संबंधितच नाही. न्यूट्रोफिल अभ्यासायची तर माणसाच्या रक्तातून काढावी लागते. ती काही तासांत मरू लागते, गोठवता येत नाही, तिच्यात जनुकं घालता-काढता येत नाहीत, आणि प्रत्येक दात्याची वेगळी वागते. एचएल-६० मध्ये लहानपणीच हवे ते बदल करायचे, मग डीएमएसओ देऊन मोठी करायची, की बऱ्यापैकी न्यूट्रोफिलसारखी पेशी हातात येते. जंतूचा वास लागल्यावर पेशीला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे कसं कळतं? २००० मध्ये हेन्री बोर्न यांच्या गटानं मोठ्या केलेल्या एचएल-६० मध्ये चमकणारं प्रथिन घालून हे डोळ्यांनी पाहिलं: वासाच्या दिशेच्या कडेला आतून उजेड पडायचा आणि पेशी तिकडे सरकायची.

आणि न्यूमोकॉकस. लहान मुलांना न्यूमोनिया आणि मेंदुज्वर देणारा हा जिवाणू साखरेच्या जाड कवचात राहतो. लसीनं तयार झालेली प्रतिपिंडं त्या कवचाला चिकटतात आणि न्यूट्रोफिलला गिळायला मूठ मिळते. प्रतिपिंडं किती आहेत हे मोजणं सोपं, पण ती कामाची आहेत का हे मोजायला प्रत्यक्ष मारामारी घडवून आणावी लागते. लस घेतलेल्याचं सीरम, सशाच्या पिल्लाचं कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडांच्या मदतीला येणारी रक्तातली प्रथिनं), जिवंत जिवाणू आणि मोठ्या केलेल्या एचएल-६० एका खळग्यात मिसळायच्या, आणि जिवाणू किती उरले ते वसाहती मोजून काढायचं. सीरम किती पातळ केलं तरी निम्मे जिवाणू मरतात, तो आकडा म्हणजे लसीचा दर्जा. दात्यांच्या न्यूट्रोफिलवर ही चाचणी दोन ठिकाणी सारखी येत नसे. १९९७ मध्ये सॅन्ड्रा रोमेरो-स्टायनर आणि सहकाऱ्यांनी एचएल-६० वर तिची प्रमाणित पद्धत प्रसिद्ध केली. पुढे मून नाम यांच्या गटानं एकाच खळग्यात अनेक प्रकारचे जिवाणू एकदम तपासायची सोय केली. नव्या न्यूमोकॉकस लसींच्या कागदपत्रांत या चाचणीचे आकडे असतात.

या चाचणीसाठी पेशी मोठ्या करायला डीएमएसओऐवजी डायमिथाइलफॉर्मामाइड वापरतात, पाच-सहा दिवस. सातव्या-आठव्या दिवसापासून त्या मरायला लागतात. ज्या डीएमएसओनं त्या मोठ्या होतात त्याच्यातच त्यांच्या न वाढलेल्या बहिणी गोठवलेल्या असतात, थंडीमुळे त्याचा परिणाम होत नाही इतकंच. पुढच्या तुकडीसाठी कुपी काढली की ती ३७ अंशांच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरायची, वितळताच डीएमएसओ धुऊन टाकायचा आणि पेशी नव्या द्रवात सोडायच्या, त्यांना वयात यायला सुचण्याआधी.